दुसरी घुंगरमाळ

माझं नाव पार्वता. माहेर देवळ्याकडचं, कांद्याच्या वावरात वाढले, आन पंधराव्या वर्साला लगीन होऊन इकडं आले, ओझरच्या पलीकडं, बानगंगेच्या काठाला. आमच्या माहेरी हाय नाय म्हनत, शे म्हनत्यात, पानी शे, भाकर शे, तर इकडं आल्यावर गल्लीतली पोरं माझ्या मागं शे शे करत नाचायची, मंग मी एक वर्स तोंडच उघडलं नाय. आन आता तुमी हे टेप म्होरं ठेवलंय तर माझं तोंड मिटायचं नाय, बघा. पन ताई, आधीच सांगते, मी रडगानं गायला बसले नाय. मला खायला हाय, ल्यायला हाय, पोरी चांगल्या घरी पडल्या. मला एकाचा राग हाय. तो सात वर्स झाली तसाच हाय, चुलीतला इस्तू राखंखाली ऱ्हातो ना तसा, आन तुमी इचारलं की गाव कसं बदललं, तर मला त्या रागातूनच सांगता येतं, दुसरं कुठून येत नाय.

तर आमचं वावर तीन एकर आन बैल एक. हसू नका. एका बैलानं नांगर चालत नाय हे मला बी कळतं. पन दोन बैल पोसायची ऐपत कुनाची व्हती तवा? शेजारच्या बांधाला निवृत्ती, त्याचं बी वावर तेवढंच, त्याचा बी बैल एक. मंग आमचा बैल आन त्याचा बैल मिळून एक जोडी व्हायची. आज तुझ्या वावरात नांगर, उद्या माझ्या. याला सावड म्हनत्यात. माझ्या सासऱ्याची आन त्याच्या बापाची सावड व्हती, तीच म्होरं चालली. आन सावड नुसती बैलाची नसती ताई, मानसाची बी असती. त्याची बाजरी कापायला आली की आमी जायचं, आमचा भुईमूग निघाला की त्याची बायको सुभद्रा येनार, पोरं येनार. कुनी कुनाला रुपाया द्यायचा नाय, दुपारची भाकर ज्याचं वावर त्यानं घालायची, बास. मी जास्त दिवस आले का तू जास्त आला, असं कुनी म्हनलं तर त्याला लोकं हासायची.

बैलं आमी वनीच्या बाजारातून आनले व्हते, दोघं एकाच धन्याचे गोऱ्हे, अजून पक्के दात बी आले नव्हते. आमचे मालक आन निवृत्ती दोघं गेले, दोघांनी मिळून आनले. त्यातला बांडा, अंगावर ठिपके असलेला, आमच्या वाट्याला आला, त्याला पाखऱ्या म्हनायचो. तांबूस व्हता तो निवृत्तीचा, तो हरन्या. हरन्या चपळ, जरा खोडील, पाखऱ्या आपला गरीब. जुवाखाली पाखऱ्या कायम डावीकडं आन हरन्या उजवीकडं. हे ध्यानात ठेवा, म्होरं कामाला येईल.

आन मंग तो दुस्काळ आला. तो मोठा, तुमी ऐकलं असंल, नदीत वाळू नुसती, हिरीचा तळ दिसायचा. लोकांनी बैलं मातीमोल घालवले. निवृत्तीच्या घरी काडी नव्हती, तो एक दिवस आला आन म्हनाला वहिनी, हरन्याला सोडून देतो, आता बघवत नाय. मी म्हनलं सोडायचं नाय, आन इकडं बांध. माझ्या बापानं देवळ्याहून दोन गाड्या चारा धाडला व्हता, तो एका बैलाचा चारा मी दोन बैलांना घातला. मोजून मोजून पेंढी, निम्मी ह्याला निम्मी त्याला. पाखऱ्याची हाडं दिसाया लागली, सासू वरडायची की आपला मारून दुसऱ्याचा जगवती का. मी म्हनलं आत्याबाई, आपल्या एकट्यानं जगून काय करायचं हाय, नांगराला दोन लागत्यात. सहा महिने हरन्या माझ्या गोठ्यात व्हता. माझ्या हाताची चव त्याला लागली व्हती, नंतर त्याच्या गोठ्यात गेला तरी मी बांधावरून गेले की हंबरायचा.

त्याच साली आमचे मालक गेले. दुस्काळी कामावर, तळ्याची माती वाहत व्हते, घमेलं खाली ठेवलं आन छातीला हात लावून बसले ते बसलेच. मी तवा असंल सत्तावीस-अठ्ठावीसची, पदरात दोन पोरी, मंगल आन लता, आन म्हातारी सासू. काय सांगू तुम्हाला, दहाव्याला लोकं जमले व्हते तिथंच चर्चा सुरू, की हिचं वावर आता अर्धलीनं, निम्म्या वाट्यानं, कोन करील. बाईनं नांगर धरायचा नसतो ना आपल्यात. माझ्या चुलत दिरानं तर वावर मनात वाटून बी घेतलं व्हतं. तवा निवृत्ती सगळ्यांच्या म्होरं म्हनाला, वावर तिचं तीच करील, नांगर मी धरतो, बैल तिचा हाय ना अजून? सावड मेलेली नाय. हे सगळ्यांनी ऐकलं, मी बी घरातून ऐकलं. ते मी इसरले नाय आन खोटं बी बोलनार नाय, त्या दिवशी त्या मानसानं मला उभी ठेवली.

पन गाव म्हनल्यावर तोंडं असत्यात. रांडव बाई आन परका बाप्या एका वावरात दिवसभर, मंग कोन काय म्हनंल? त्याच दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी निवृत्ती घरी आला. मला सख्खा भाऊ नाय. ल्हानपनापासून मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची, ज्या बायांना भाऊ नसतो त्या तसंच करत्यात. तर हा आला, आपल्या हातानं पाट घेतला, भिताडाशी मांडला आन बसला. म्हनाला पार्वता, ओवाळ. वहिनी नाय म्हनला, पार्वता म्हनला. सासू म्हनाली अरे तिनं कुंकू लावायचं का, तिचं कपाळ असं. तो म्हनाला बहिनीचं कपाळ भावानं बघायचं नसतं. मी ताट केलं, निरांजन लावलं, त्याला ओवाळलं. त्यानं ताटात एक खन टाकला आन एक रुपाया आन सुपारी. त्या दिवसापासून गावाची तोंडं बंद, आन मी त्याला दादा म्हनाया लागले. तर सावड आन भाऊबीज ही माझी एकच गाठ व्हती ताई. एक सुटली की दुसरी सुटनारच.

पेरनीचं बी सांगते. पाभरीवर चाडं असतं, लाकडाचं, त्यात बियाची मूठ सोडत चालायचं, बैलाच्या चालीवर. मूठ सारखी पडली तर पीक सारखं येतं, नायतर कुठं दाट कुठं टक्कल. आमच्याकडं चाड्यावर सवाशीन लागती. मालक गेल्यावर मी चाड्याला हात लावीना, सुभद्राला म्हनलं तू धर. तर दादा म्हनाला, हिच्यासारखी मूठ गावात कुनाची नाय, आन पिकाला कळत नाय कोन सवाशीन आन कोन नाय. मीच धरली मंग. माझ्या वावरात बी आन त्याच्या बी. आठ-नऊ वर्स माझ्याच मुठीनं दोन्ही वावरं पेरली गेली. लोकं बांधावरून बघायची, की काय सारखी रांग आली बाईची.

आता तुमी म्हनाल बदल कधी आला. तो एकदम आला नाय. ओझरला विमानाचा कारखाना तर आधीपासून व्हता, विमान डोक्यावरून गेलं की बैलं बुजायची, नंतर नंतर मान बी वर करीनात. गावातली दोन-चार पोरं तिकडं कामाला लागली, सायकलवर डबा लावून जायची, त्यांच्या घरी पैल्यांदा स्टीलची भांडी आली. मंग हिरीवर इजेची मोटर आली. मंग कोनीतरी पिंपळगावाकडं द्राक्षं लावली म्हने, आन एका सालात माडी बांधली. मंग सगळ्यांच्या तोंडी द्राक्षंच. दादानं बी लावली. सोसायटीचं कर्ज काढलं, लोखंडी अँगल आनले, तारा आनल्या, मांडव उभा केला. मांडवाच्या पैल्या खांबाला नारळ फोडला तो माझ्या हातून. म्हनाला पार्वता, तुझा हात लागू दे.

आन माझा हात मंग त्या बागेला असा लागला की निघालाच नाय. बाजरी-भुईमुगाचं काम वर्साला महिनाभर, पन द्राक्षाचं काम बारा महिने. एप्रिलला छाटनी, मंग फुटवे काढायचे, दिवाळीआधी परत छाटनी, मंग घड आले की त्यातले मनी कात्रीनं इरळ करायचे, एकेका घडातले निम्मे मनी काढायचे तवा बाकीचे फुगत्यात, मंग घड औषधात बुडवायचे, हात वर करून करून खांदे जायचे. त्यानं बाया लावल्या व्हत्या, दुसऱ्या गावाच्या, पेठ-सुरगान्याकडच्या बी यायच्या, त्या रोजानं. दर शनिवारी त्या रांगेत उभ्या ऱ्हायच्या आन सुभद्रा त्यांना पैसे द्यायची. मी रांगेत नसायची. मी घरची, मी सावडीची. मी त्या बायांना शिकवायची की बाई, कात्री अशी धर, घडाला नख लावू नको. शनिवारी त्या रांगेत, आन मी सुभद्राच्या चुलीपाशी चहा पीत बसलेली. मला त्याचं लय भारी वाटायचं, खरं सांगते. मला वाटायचं त्या मजूर आन मी मालकाची बहीन.

आन माझ्या वावराला तो यायचा, नाय म्हनत नाय. पावसाळ्याची नांगरट, पेरनी, बैलं घेऊन यायचा. पन आता घाईत यायचा. मी त्याच्या बागेत शंभर दिवस, तो माझ्या वावरात पाच दिवस. मंगल माझी थोरली, सातवी शिकलेली, ती म्हनायची आई, तू हिशेब कर. मी तिला रागवायची. म्हनलं सावडीत हिशेब करनारीची जीभ झडंल.

मंग ते वर्स आलं. त्या साली त्याच्या बागेला पैल्यांदा तुफान माल आला, मुंबईचा यापारी बांधावर येऊन बसला व्हता. दिवाळी आली, भाऊबीज आली. दादा आला तो नव्या मोटरसायकलवर. मी पाट मांडला, ओवाळलं. खन नाय, सुपारी नाय, त्यानं खिशातून एक पाकीट काढलं, जाड, आन ताटात ठेवलं. मी म्हनलं दादा हे काय, एवढं? तो म्हनाला ठेव, तुझंच हाय. आन चहा बी न घेता गेला, म्हनला गडबड हाय.

ओवाळनी मोजायची नसती. आमच्यात कुनी मोजत नाय, भावानं दिलं ते पदरात घ्यायचं आन देवापुढं ठेवायचं. मी पाकीट उघडून नुसतं बघितलं, नोटाच नोटा, माझ्या डोळ्याला धार लागली. साऱ्या गल्लीला सांगत फिरले मी. सासू तवा जिती व्हती, तिच्या कानाशी जाऊन वरडले की आत्याबाई, मला भाऊ नव्हता म्हनत व्हते ना, बघा माझा भाऊ. मंगल दिवाळीला माहेरी आली व्हती, ती म्हनाली आई, मोजू का. मी तिच्या हातावर चापट मारली. मोजले असते ताई तर मला तवाच कळलं असतं. पन मी माझ्या रीतीनं वागले, आन तिथंच मी चुकले.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी लताला घेऊन नाशकाला गेले, येष्टीनं. माझ्या मनात लय दिवसाचं व्हतं, जोडीला घुंगरमाळा घ्यायच्या. पोळ्याला दुसऱ्याच्या बैलांच्या गळ्यात पितळी घुंगरं वाजायची आन आमच्या जोडीला नुसता दोरा न् फुगे. रविवार कारंज्याकडं एका दुकानात मी पितळी घुंगरांच्या दोन माळा घेतल्या, तांबड्या चामड्यावर ओवलेल्या, एक पाखऱ्याची, एक हरन्याची. दुकानदार म्हनाला बाई, पोळा तर होऊन गेला. मी म्हनलं आमची गव्हाची पेरनी हाय, पेरनीला घालनार. लता म्हनाली आई, तुला एक लुगडं घे. मी म्हनलं त्याच्या पैशातून त्याच्या बैलाला पैलं. लय हौस व्हती मला त्या दिवशी. येष्टीत मांडीवर माळा घेऊन बसले व्हते, खड्डा आला की सगळी गाडी वळून बघायची.

गावात उतरले ती घरी गेले नाय, सरळ दादाच्या गोठ्याकडं गेले. म्हनलं त्याच्या गळ्यात मीच घालते, मंग बोलवते सगळ्यांना. तर खुंटा मोकळा. दावं नुसतं पडलेलं. गोठ्यात औषधाचे पिंप ठेवलेले, एकावर एक. मला वाटलं चरायला सोडला असंल. सुभद्रा बाहेर आली, माझ्या हातातल्या माळा बघितल्या आन तिनं तोंडाला पदर लावला. म्हनाली पार्वताबाई, ह्यांनी तुम्हाला सांगितलं नाय का? हरन्याला दिवाळीच्या आधीच्या बाजारात नेला. आता ट्रॅक्टर येतोय ना, यादीत नाव लागलंय ह्यांचं.

दिवाळीच्या आधी. म्हनजे तो माझ्या पाटावर बसला तवा हरन्या गेलेला व्हता. म्हातारा व्हत चाललेला बैल बाजारात कोन घेतं आन कशाला घेतं ते तुम्हाला सांगायला नको. दुस्काळात मी निम्मी निम्मी पेंढी घालून जगवलेला बैल. तो माझ्या समोर ओवाळून घेत व्हता आन पोटात हे घेऊन बसला व्हता.

दादा बागेत व्हता. मी तशीच गेले, घुंगरं वाजत व्हती हातात, मला त्याची लाज वाटाया लागली, मी ती पदरात दाबून धरली. म्हनलं दादा, हरन्या? तो म्हनाला अगं उतरला व्हता तो, आन आता बैलाचं काय काम? म्हनलं माझ्या पाखऱ्याचं काय काम मंग? गहू पेरायचाय मला, आठ दिवसावर आलाय. तो म्हनाला ट्रॅक्टर येतोय, तुझी बी नांगरट करून देईल, तासाचं सगळ्यांकडून घेतो तेच देशील. मला वाटलं मी ऐकन्यात चुकले. म्हनलं मी तुला भाडं द्यायचं? मी वर्सभर तुझ्या बागेत हाय. तर तो, ताई, तो खाली बघून म्हनाला, वर्सभराचा रोज तुला दिला की पार्वता. भाऊबीजेला. पाकिटात. दिवसाला दिवस धरलाय, एक बी कमी नाय, मोजून बघ पायजे तर.

मी मांडवाचा खांब धरला. तोच पैला, नारळ फोडलेला. म्हनलं ती ओवाळनी व्हती. तो म्हनाला तुला त्या बायांच्या रांगेत उभी कशी करू, मला कसं तरी वाटलं, म्हनून ताटात ठेवले. आता जमाना बदलला, कोनाचं कोनावर नको. तुझं मोकळं, माझं मोकळं.

बघा, तो वरडला नाय, भांडला नाय. मऊ बोलला. त्याला खरंच वाटत व्हतं की त्यानं माझी अब्रू राखली. मी म्हनते, उभी करायची व्हती ना रांगेत! पैल्या शनिवारी उभी करायची, म्हनायचं पार्वता, आता सावड नाय, आता रोज. मी एक दिवस रडले असते, दुसऱ्या दिवशी ठरवलं असतं जायचं का नाय. माझ्या ओवाळनीच्या ताटात मजुरी टाकली त्यानं. म्हनजे बहिनीला बहीन ठेवली नाय आन मजुराला मजूर म्हनून बी कळू दिलं नाय. आन मी येडी गल्लीभर सांगत फिरले व्हते. आता गल्लीत कोनत्या तोंडानं सांगू?

मंगल तवा ओझरला दिलेली, जावई कारखान्यात. ती आली, सगळं ऐकलं, आन मला म्हनाली आई, त्यात एवढं काय, रोज दिला ना? फुकट तर नाय राबवलं. आमच्या ह्यांना पगार मिळतो, कोनी लाजतं का? तिचं चूक नाय. तिच्या घरात तारखेला पैसे येत्यात, ती तशा जगात गेली. पन तिला मी समजावू शकले नाय, की पैसे मिळाले याचं दुःख नाय गं, भाऊ गेला याचं हाय.

ट्रॅक्टर आला. मी आनवला, काय करनार, वावर पडीक ठेवू का? दीड तासात तीन एकर उलटं केलं त्यानं, बैलांना चार दिवस लागायचे. डायवर भाड्याला उभा ऱ्हायला. त्या पाकिटातलं जे देवापुढं उरलं व्हतं ते मी आनलं आन त्याच्या हातावर ठेवलं. दादाची ओवाळनी दादाच्या घरी गेली. पाखऱ्या गोठ्यातून बघत व्हता, ट्रॅक्टरच्या आवाजानं नुसता कान हलवत व्हता. पेरनीला जोडी मिळाली नाय, एकेकानं बैलं काढलेच व्हते तवर. दुसऱ्या एकाच्या बैलासंगं पाखऱ्याला जुंपून बघितलं, तर हा डावीकडं जाऊन उभा ऱ्हायचा आन उजवीकडं मान वळवून बघायचा, पाऊलच टाकीना. शेवटी गहू मी हातानं फोकून टाकला. इकडं दाट, तिकडं टक्कल. लोकं बांधावरून बघून गेली.

वर्स गेलं. भाऊबीज आली. मला वाटलं येनार नाय, तर आला. स्वताच्या हातानं पाट मांडला, पैल्या सालासारखा. आलेल्या भावाला कोन उठवतं? मी निरांजन लावलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला, नोट काढली, आन ताटाकडं हात आनला. मी ताट मागं घेतलं. असं, छातीशी. म्हनलं दादा, आधी सांग, हे काय हाय, ओवाळनी का रोज? निरांजन माझ्या हाताला चटका देत व्हतं, मी ताट हालवलं नाय. त्यानं नुसतं ओवाळनी म्हनलं असतं ना, एक शब्द, तर मी सगळं पोटात घातलं असतं, देवाशपथ. हरन्या बी पोटात घातला असता. पन तो बोलला नाय. त्याला बी कळत नसंल ते काय व्हतं. नोट परत खिशात गेली, तो उठला, चप्पल घालायला बी चुकला, दारातून परत येऊन घातली, आन गेला. त्यानंतर आला नाय.

पाखऱ्या म्होरं दोन वर्सांनी गेला. इकला नाय मी त्याला, लोकं येडी म्हनत व्हती, बसून खातोय म्हनून. बांधाच्या कडंला खड्डा खनला आन त्याची घुंगरमाळ त्याच्या गळ्यातच ठेवली.

आता मी रोजानं जाते. दुसऱ्यांच्या बागेत, दादाच्या नाय. इरळनीला माझ्या हाताला लय मान हाय, मोटार धाडत्यात न्यायला. शनिवारी रांगेत उभी ऱ्हाते आन पैसे तिथंच सगळ्यांच्या म्होरं मोजून घेते, कोनाला राग आला तर येवो. मालकीनबाईंनी चहा दिला तर घेते, पन चुलीपाशी बसत नाय, ओट्यावर बसते. भाऊबीजेला परत चंद्राला ओवाळते, ल्हानपनासारखी. आन एक गोष्ट सांगू का, मला स्वताचीच चीड येती त्याची. माघ-फाल्गुनात आभाळ भरून आलं, गारांचा वारा सुटला, की माझ्या मनात पैलं काय येतं, तर दादाची बाग. त्या वेलींचे पैले फुटवे माझ्या ह्या बोटांनी काढले ना. मी दारात उभी ऱ्हाऊन म्हनते, देवा, तिकडं नको रे, त्याच्या मांडवावर नको. आन म्हनून झालं की जीभ चावते.

त्याचं बरं व्हवो. माडी बांधली, अजून बांधो, नातवंडं इंग्रजी शाळंत जात्यात, जावो. तुमी आता जाताल तवा रस्त्याला त्याची माडी लागंल, हिरव्या गजाची. तो ओट्यावर बसलेला असतो ह्या वेळंला, गावात नवीन मानूस आलं की इचारतो, कोनाकडं गेला व्हता. तुमी माझं नाव सांगा. आन सांगा, हरन्याची माळ अजून माझ्याकडं हाय, खुंटीला, चिंच लावून दर दिवाळीला घासते मी. ती त्याच्या बैलाची हाय, माझ्या घरात ठेवायचा मला हक नाय. पाट भिताडालाच टेकलेला हाय, बसायचं तर बसावं, नायतर दारातून घ्यावी. ओवाळनी नको, सुपारी बी नको. माळ तेवढी न्यावी, आन कोनाच्या गळ्यात बांधायची ते त्याचं त्यानं बघावं.